माझ्या नावाची पदवी



जूनमध्ये नातीचा बी.कॉम.चा फॉर्म भरायला बसलो. वाटलं, दहा मिनिटांचं काम. मी स्वतः 1982 ची बी.कॉम., नागपूर विद्यापीठाची. आपलं अमरावती विद्यापीठ पुढच्या वर्षी झालं. आमच्या वेळी विषय छापूनच यायचे, आपण फक्त सही करायची.

आता तसं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय, मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला एक खुला विषय निवडायचा. प्रत्येकाचे क्रेडिट. एका वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट बँकेतल्या ठेवीसारखे खात्यात राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. लग्न ठरलं म्हणून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलेल्या किती जणी आपल्यात आहेत! त्यांच्या हाती तेव्हा काहीच पडलं नाही.

नातीला खुल्या विषयात मानसशास्त्र हवं होतं. मुलगा म्हणाला, "जीएसटी शीक, मन-बिन राहू दे." मी म्हटलं, अरे, उधारी कोण फेडणार आणि कोण बुडवणार हे गल्ल्यावर बसून ओळखतोस, ते काय जीएसटी आहे? तो हसला, पण खरी अडचण पुढेच होती. कॉलेजात त्या विषयाला शिक्षकच नव्हते. मराठी घ्या नाहीतर भूगोल घ्या. म्हणजे निवड तुमची, पण ताटात जे वाढलंय त्यातूनच. मग 'स्वयम्'वर शोधलं. तिथे शिकणं फुकट, परीक्षेचे पैसे पडतात आणि क्रेडिट खात्यात जमा व्हायला कॉलेजची मान्यता लागते. नातीनं तसा लेखी अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही. मी दर सोमवारी आठवण करून देते.

त्या रात्री झोप येईना. उठून डायरीत माझी स्वतःची पदवी लिहिली: हिशेब, प्राकृत, सार्वजनिक विश्वस्त कायदा, जुनी हस्तलिखितं. हसू नका! मंदिराच्या वह्या मी बावीस वर्षं लिहिते, पण त्या मागचा कायदा कधी वाचला नाही. णमोकार मंत्र रोज म्हणते, पण त्यातल्या एका शब्दाची विभक्ती सांगता येत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मंदिरात पेढे मीच वाटले होते. आणि वाचता किती येतं? शून्य. लग्नाआधी एकदा बाबांना म्हटलं होतं, संस्कृत-प्राकृत घेऊन बी.ए. करते. ते म्हणाले, "हिशेब शीक, सासरी उपयोगी पडेल." उपयोगी पडला, नाही म्हणत नाही.

चारही विषय एका पदवीत देणारं कोणी सापडलं नाही. क्रेडिटच्या खात्यात 2021-22 च्या आधीचं शिक्षण धरत नाहीत, म्हणजे माझं बी.कॉम. तिथे बाद. पण लाडनूंच्या जैन विश्वभारती संस्थानात घरबसल्या एम.ए. करता येतं, जैनविद्या आणि तुलनात्मक धर्म-दर्शनात. तिथे कुठलीही पदवी चालते. संस्था तेरापंथाची, आपण दिगंबर, शेजारीण म्हणाली, "तिकडे कशाला?" म्हटलं, अगं, प्राकृत दोघांचंच आहे. आधी पाया तर होऊ दे, प्राकृत मग वेगळं शिकेन.

फॉर्म अर्धा भरला आणि अडला. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बेचाळीस वर्षांत हे कोणाला लागलंच नव्हतं. गुरुवारी यवतमाळला प्रतिज्ञापत्र करायला गेले. टंकलेखकानं विचारलं, "आजी, कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यानं दोन्ही नावांच्या मध्ये 'ऊर्फ' टाइप केलं आणि म्हणाला, नीट वाचून सही करा.