तलफेचं पंचांग

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं, आलेगेले पांगले आणि मी गच्चीवर जाऊन शेवटची सिगारेट पेटवली. समोर अजिंक्यताऱ्यावर अंधार उतरत होता. सिगारेट अर्धी झाली तेव्हा ती कुंडीतल्या मातीत दाबली आणि खाली आलो. सत्तावीस वर्षं, दिवसाला दहा. गुणाकार केला तर आकडा लाखाला टेकतो. त्या संध्याकाळी मी गुणाकार केला नव्हता. दसरा आहे, सीमोल्लंघन करायचं तर आजच, एवढंच मनात होतं. शीव एकदा ओलांडली की ती मागे पडते, अशी माझी समजूत होती. ही शीव मात्र वर्षभर माझ्याबरोबर चालत राहिली.

पहिले काही दिवस नुसते शरीराचे होते. झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि रक्तातून जायलाही त्याला फार वेळ लागत नाही. दर दोनेक तासांनी ते निम्म्यावर येतं. म्हणून तर दिवसाला दहा लागायच्या. रात्रभराच्या झोपेनंतरची पहिली सिगारेट इतकी गोड का लागायची, हे मला आत्ता कळलं. रात्रभर ताणत गेलेली दोरी तिच्यामुळे सैल व्हायची, आणि त्या सैल होण्यालाच मी सुख म्हणत आलो होतो.

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यांत जड गेला. बोटं थरथरत होती. मुलीनं पेन मागितलं तर तिच्या अंगावर ओरडलो. ती काही न बोलता आत गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. मग कपाटातल्या रिकाम्या पाकिटावरचा १८००-११-२३५६ हा नंबर फिरवला. किती वर्षं तो माझ्या अंगठ्याखाली होता! पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. दिवसातली पहिली किती वाजता ओढत होता, कशानंतर, कुणाबरोबर, एवढं विचारलं. मग साध्या गोष्टी सांगितल्या. तलफ आली की लगेच काही करू नका, थांबा. घोट घोट पाणी प्या. लांब श्वास घ्या. हाताला दुसरं काम द्या. आणि घड्याळाकडे बघा, कारण तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते. ओढली तरी ओसरते, न ओढली तरी ओसरते. हे वाक्य मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

डॉक्टरांनी निकोटिनचं गम दिलं. ते सारखं चघळायचं नसतं. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, आमच्याकडे तंबाखूचा बार धरतात तसं. चहाही निम्मा करायला सांगितला. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहातलं कॅफिन भराभर निपटत असतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात कितीतरी वेळ रेंगाळतो. छातीतली जी धडधड मी सिगारेट सुटल्याची समजत होतो, त्यातली बरीचशी माझ्या सहा कपांची निघाली. तीन कपांवर आलो आणि रात्री झोप लागू लागली.

महिन्याभरात शरीर शांत झालं. मग लक्षात आलं, की शरीराची तलफ त्यातल्या त्यात सरळ होती. ती दारातून यायची, मागायची आणि निघून जायची. दुसरी तलफ पंचांग बघून यायची.

दिवाळीच्या पहाटे आली. सुतळी बॉम्बची वात मी आजवर सिगारेटनंच पेटवत आलो होतो. या वर्षी हातात उदबत्ती होती. वात पेटली, मागे पळालो, कानांवर हात ठेवले, आणि आवाज विरल्यावर ओठ आपोआप एका झुरक्याची वाट बघू लागले. पौषात आली. पहाटे फिरायला निघालो की तोंडातून वाफ यायची, आणि ती दिसली की छाती हळहळायची. एकदा रस्त्याच्या कडेला थांबून मी नुसता लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला. धूर नव्हता, माझाच श्वास होता. इतकी वर्षं तो मला कधी दिसलाच नव्हता. उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासताना आली. पंचवीस पेपरांचा गठ्ठा संपला की एक, हा आजवरचा नेम. यंदा गठ्ठा संपला की उठून अंगणातल्या मोगऱ्याला तांब्याभर पाणी घालायचो. त्या मे महिन्यात मोगरा भरभरून फुलला, आणि त्याचा वास मला पहिल्यांदाच ओसरीपर्यंत आला. वास दर वर्षी येत असणारच. नाक आत्ता परत आलं होतं.

मधल्या एका गोष्टीनं मात्र मला विचारात पाडलं. होळीला मी मुद्दाम लांब उभा होतो. एवढा धूर समोर, आज काही खरं नाही, असं वाटत होतं. गोवऱ्या पेटल्या, एरंडाची फांदी तडतडली, धूर डोळ्यांत गेला, पण तलफ आली नाही. कारण होळीला मी सिगारेट कधी ओढलीच नव्हती. त्या वेळी आई शेजारी असायची. म्हणजे ही ओढ धुराची नव्हती. सत्तावीस वर्षांत ज्या ज्या घटकेला मी धूर बांधून ठेवला होता, ती घटका परत आली की आपली गाठ दाखवायची. मग या गाठी एकदम कशा सुटतील? प्रत्येक घटका यायची, तिच्यातून एकदा बिनधुराचं जायचं, तेव्हा कुठं एक गाठ सैल व्हायची. त्याला अख्खं वर्ष लागणार होतं. वर्षाच्या आत सगळे सण, सगळे ऋतू येतातच कुठं?

त्या दिवसांत मी ‘तलफ’ या शब्दावर फार विचार करायचो. अरबी-फारसीत ‘तलब’ म्हणजे मागणी आणि ‘तलफ’ म्हणजे नाश. आपण मराठीत तलफ म्हणतो ते मागणीच्या अर्थानं, पण कान देऊन ऐकलं तर त्यात मला दोन्ही ऐकू येतात. तंबाखूचं पानही असंच बाहेरून आलेलं. पोर्तुगिजांबरोबर तंबाखू या किनाऱ्याला लागली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेगनं ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा उत्तरेत ती नवलाची वस्तू होती. दख्खनमध्ये ती त्याआधीच रुळली होती. चारशे वर्षं जे आपल्या बांधावर, कनवटीला आणि शब्दांत राहिलं, ते एका दसऱ्याला जाईल, अशी अपेक्षा करणं हाच अन्याय होता.

आषाढात मी घसरलो. पहिल्या मोठ्या पावसात आम्ही चौघं मित्र यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो. टपरीवर कणसं भाजत होती. टपरीच्या खांबाला पेटता काथ्या लटकत होता. महाराष्ट्रानं २०२० सालीच सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली, आणि ते फार चांगलं झालं, कारण ‘एकच द्या’ यापेक्षा सोपं वाक्य जगात नाही. पण मित्राच्या खिशात पाकीट होतं. त्यानं नेहमीच्या सवयीनं पुढं केलं, मी नेहमीच्या सवयीनं घेतली. दुःखात तलफ येते हे मला माहीत होतं, त्यासाठी मी तयारही होतो. आनंदात ती इतक्या अलगद येते, हे माहीत नव्हतं. दोन झुरके झाले आणि भिजल्या मातीचा वास पुसला गेला. मी ती टाकून दिली.

परतताना मन खचलं होतं. आता सगळं वाया गेलं, तर मग उरलेलं पाकीटही संपवावं, असा एक विचार चोरपावलांनी आत आला. हा विचार त्या दोन झुरक्यांपेक्षा घातक असतो. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसन सोडणाऱ्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगितल्या. पाय घसरणं वेगळं आणि दरीत पडणं वेगळं, ही त्यातली एक. दुसरी म्हणजे तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी असते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यावर तरंगत राहावं, ती आपणहून फुटते. आम्हा सातारकरांना समुद्र लांब. पण त्या दिवशी घाटात ढग रस्त्यावर उतरला. दोन हातांवरचं दिसेना. मित्रानं गाडी कडेला घेतली, दिवे चालू ठेवले आणि आम्ही गप्प बसलो. ढगाला ढकलता येत नाही. त्याच्यातून गाडी दामटली तर दरी आहेच. पाच-सात मिनिटांत ढग सरकला, कठडा दिसला, वळण दिसलं. लाटेची गोष्ट मला त्या ढगानं समजावली. तिथून पुढं तलफ आली की मी मनातल्या मनात गाडी कडेला घेत असे.

श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, पित्र घालायला मी गावी गेलो. एस.टी.तून उतरून अंगणात पाय ठेवला तोच आईनं विचारलं, “आरं, त्यांची इडी आणलीस न्हवं?”

आमच्याकडे गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर ठेवतात. मी विसरलो होतो. दुकानात गेलो, विडीचं बंडल घेतलं. कागदातूनच तो वास आला, आणि वर्षभरात आली नव्हती अशी तलफ आली. पाय लटपटले. दुकानाच्या पायरीवर बसलो, घड्याळ बघितलं, श्वास मोजले. मी आयुष्यात विडी कधीच ओढली नव्हती. मग ही तलफ कशाची?

पायरीवर बसल्या बसल्या मला आमचं गव्हाचं शेत दिसलं. रात्रीची लाईट असायची, म्हणून पाण्याची पाळीही रात्रीची. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आई माझ्या हातात चहाची किटली द्यायची आणि मी बांधावरून निघायचो. अमावस्येचा अंधार, विहिरीकडची झाडं, पोटात गोळा. आणि मग शेताच्या मधोमध एक लाल टिपका दिसायचा. क्षणभर लखलखायचा, मंद व्हायचा, पुन्हा लखलखायचा. तात्यांची विडी. तो दिसला की भीती जायची. तात्या आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे. पुढे विशीत कधीतरी पहिली सिगारेट पेटवली, तेव्हा मला कुणी मोठं म्हणावं असं वाटत होतं, असं मी आजवर समजत होतो. आता वाटतं, मला तो टिपका जवळ ठेवायचा होता.

विडीतून सिगारेटपेक्षाही जास्त डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातं. तात्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची दोन वर्षं ते आडवे होऊ शकत नव्हते. वाकळांच्या ढिगाला टेकून, बसूनच झोपायचे. झोपेतही दोन बोटं ओठांशी जायची. आम्ही त्यांच्यावर चिडलो, बंडलं लपवली, पण त्यांच्याशेजारी पाच मिनिटं बसून घड्याळ कुणी बघितलं नाही. याचं दुःख मला आहे, आणि ते कोणत्याही गमनं जाणार नाही.

आईनं पान वाढलं. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. कडेला मी एक विडी आणि काडेपेटी ठेवली. कावळा आला, वडा उचलून गेला. विडी तशीच राहिली. उरलेलं बंडल मी मळ्यात नेऊन मातीत पुरलं.

दसऱ्याला पुन्हा गावी आलो. वर्ष झालं होतं. सिगारेट सोडून वर्ष झालं की हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी आईबरोबर बांधावरच्या आपट्याची पानं तोडत होतो. तिनं एक पान तळहातावर पसरून अंगठ्यानं सारखं केलं.

“पैसं नसलं की ते ह्याच्यातच वळायचं,” ती म्हणाली.

आपट्याच्या पानात विड्या वळतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. सोनं म्हणून वाटलेल्या पानात तात्यांनी विडी वळली असेल, हे मनात आलं नव्हतं. दिवस मावळला. शेतात अंधार भरला. मी सवयीनं मधोमध बघितलं. टिपका नव्हता. तलफ आली, शेजारी उभी राहिली. मी तिला जा म्हणालो नाही. आईचा हात धरून बांधावर थांबलो. विहिरीकडून रातकिड्यांचा आवाज येत होता, ओल्या गवताचा वास येत होता.

थोड्या वेळानं आईनं ते पान माझ्या हातात दिलं. मी ते वळलं नाही. तिच्या पायांशी वाकलो आणि जसंच्या तसं, सपाट, तिच्या हातावर परत ठेवलं.