मुखत्यारपत्र आणि उद्गारचिन्ह

२५ जानेवारी २०२२. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्याने पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जालन्याला यावयाचा होता. त्याच्या आईने सकाळच्या नवकारसीनंतरच्या पोह्यांची तयारीही करून ठेवली होती. रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "पप्पा, आज निघता येणार नाही. आमच्या सगळ्या सर्व्हरवर एक दुरुस्ती चढवायची आहे. सकाळपर्यंत थांबलो तर कोणीही मालक होऊन बसेल."

'कोणीही मालक होऊन बसेल' हे शब्द ऐकून मी अंथरुणात उठून बसलो. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी १९९६ साली एका लिपिकाच्या तोंडून ऐकले होते. आणि त्या वेळी मी जे केले, ते आठवून मला आजही बरे वाटत नाही.

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आणि दुसरा १९८९ साली आला. पुढील काही वर्षांत आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाखांतही संगणक येऊ लागले. आमच्या शाखेत युनिक्स प्रणालीवर चालणारे एक मोठे यंत्र काचेच्या खोलीत बसले आणि काउंटरवर त्याला जोडलेली टर्मिनल्स आली. मी तेव्हा अकाउंटंट होतो. युनिक्समध्ये सर्वाधिकारी असलेल्या खात्याला 'रूट' म्हणतात. रूटला काहीही वाचता येते, बदलता येते, पुसताही येते. म्हणून त्याचा पासवर्ड लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवलेला असे, आणि तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. व्यवस्था पक्की आहे, या समाधानात आम्ही होतो.

परंतु रूटचा अधिकार एका लिफाफ्यात मावत नाही. साध्या वापरकर्त्यालाही स्वतःचा पासवर्ड बदलावा लागतो. पासवर्डांची वही मात्र रूटच्या ताब्यात असते. यावर डेनिस रिची यांनी जो तोडगा काढला, त्याच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा असून पेटंट १९७९ साली मिळाले. काही ठराविक प्रोग्राम असे ठेवावयाचे की, चालविणारा कोणीही असो, ते काम करतील मालकाच्या अधिकाराने. आपल्या भाषेत हे मुखत्यारपत्रच होय. शेठजी मुनिमाला एका विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र देतात, त्याप्रमाणे. धोका कोठे आहे, हे व्यापारी घरातील वाचकांना सांगावयास नको: मुखत्यार त्या एका कामातच थांबला पाहिजे.

आमच्या शाखेत तो थांबत नव्हता. दिवसअखेरची याद्यांची छपाई करणारा प्रोग्राम रूटच्या मुखत्यारीने चाले आणि यादी पडद्यावर दाखविण्यासाठी 'व्हीआय' नावाचा संपादक उघडे. त्या संपादकात उद्गारचिन्ह दाबून पुढे आज्ञा लिहिली की ती थेट यंत्राकडे जाते. काउंटरवरच्या त्या लिपिकाने एका शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपल्यावर मला बोलावले, दोन-तीन कळा दाबल्या आणि म्हणाले, "साहेब, हे बघा. आता मी या यंत्राचा मालक आहे. कोणीही असा मालक होऊन बसेल." पडद्यावर रूटची खूण दिसत होती. तिजोरीतील लिफाफ्याची लाख अखंड होती.

त्यांनी एकाही खात्याला हात लावला नव्हता. तरीही शाखाधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "हे यांना कळले कसे?" दार उघडे कसे राहिले, हा प्रश्न दुसरा असावयास हवा होता, तो कोणी विचारलाच नाही. सोमवारी त्या लिपिकाकडून स्पष्टीकरण मागणारा मेमो निघाला. मसुदा माझा, सहीही माझीच. नोकरीची बावीस वर्षे शिल्लक होती आणि वरिष्ठांपुढे बोलण्याचे धैर्य मजजवळ नव्हते. यापेक्षा वेगळे कारण मला देता येत नाही.

आठवड्याने कंपनीचे अभियंते तेव्हाच्या औरंगाबादहून आले. त्यांनी संपादक काढून टाकला आणि त्याच्या जागी केवळ पाने उलटून दाखविणारा 'मोअर' नावाचा प्रोग्राम बसविला. मेमो मिळालेले आमचे लिपिक मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, इथेही उद्गारचिन्ह चालते." चालले! मग मात्र अभियंत्यांनी मूळ धरले. यादी तयार होताच प्रोग्रामने आपला रूटचा अधिकार सोडून द्यावा, आणि वाचण्याचे काम ज्याचे त्याने स्वतःच्या साध्या अधिकारात करावे, असा बदल त्यांनी केला. भोक बुजविणे आणि अधिकार आटोपणे यातला फरक मी एम.कॉम.च्या अंकेक्षणाच्या पुस्तकात शिकलो नव्हतो. त्या दुपारी शिकलो.

दुरुस्ती झाली. मेमो फाईलमध्ये राहिला. दोन वर्षांनी पदोन्नतीच्या मुलाखतीत त्यांना त्याविषयी विचारले गेले, आणि त्या वर्षी त्यांची निवड झाली नाही. पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अंबडला जाऊन राहिले.

मुलाने दुसऱ्या दिवशी दुपारी, डोळे तांबारलेले असताना, व्हिडिओ कॉलवर मला सर्व समजावून सांगितले. युनिक्सच्या घराण्यातील लिनक्समध्ये 'पीकेएक्झेक' नावाचा एक मुखत्यार-प्रोग्राम असतो. त्याला कामाची यादी द्यावयाची. यादीच्या पहिल्या ओळीत त्याचे स्वतःचे नाव, दुसरीपासून काम. म्हणून तो वाचन दुसऱ्या ओळीपासून सुरू करतो. पण यादी अगदी कोरीच दिली तर? तर तो पान ओलांडून शेजारच्या वहीतील पहिली ओळ आपले काम समजून वाचतो, इतकेच नव्हे तर तेथे लिहितोही. शेजारची ती वही म्हणजे वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या सूचना. मुखत्यार-प्रोग्राम सुरू होतानाच त्यांतील धोकादायक सूचना गाळल्या जातात; पण या चुकीच्या लिखाणातून गाळलेली सूचना परत आत येते, आणि साधा वापरकर्ता रूट होतो.

ही चूक मे २००९ मधील पहिल्या आवृत्तीपासून होती. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती शोधून १८ नोव्हेंबर २०२१ रोजी संबंधितांना कळविली, आणि दुरुस्ती तयार होईपर्यंत दोन महिने वाच्यता केली नाही. २५ जानेवारीला, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले असताना, ती जाहीर झाली. दुरुस्ती म्हणाल तर अवघ्या काही ओळींची: यादी कोरी असेल तर काहीही न करता बाहेर पडा. ज्यांना ती लगेच बसविता येत नव्हती त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय एका आज्ञेचा होता. त्या प्रोग्रामचे मुखत्यारपत्रच काढून घ्यावयाचे. (आपल्या दुकानांत टॅलीचा मालकाचा पासवर्ड नोकरांसह सर्वांना पाठ असतो, हे येथे आठवले, असो.)

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला अधिक लागली. रायन मॅलन नावाच्या प्रोग्रामरने २०१३ सालीच ही उणीव ओळखून तिच्याविषयी लिहिले होते. तिचा गैरवापर कसा होईल हे तेव्हा त्यांना सापडले नाही, आणि ती आणखी आठ वर्षे तशीच राहिली. क्वालिसच्या लोकांनी आपल्या निवेदनात मॅलन यांचा उल्लेख मात्र केला.

त्याच संध्याकाळी मी अंबडला फोन लावला. सव्वीस वर्षांनी हा विषय काढावयाचा कसा, म्हणून पीकेएक्झेकच्या गोष्टीनेच आरंभ केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग दुरुस्ती काय केली त्यांनी?" मी सांगितले. ते हसले. "म्हणजे कोऱ्या स्लिपवर पासिंग नाही!" मग मी मेमोविषयी जे बोलावयास हवे होते ते बोललो. पलीकडे नातवाचा आवाज येत होता; बराच वेळ दुसरे काही ऐकू आले नाही.

"त्या उत्तराची पोचपावतीची प्रत माझ्याकडे अजून आहे साहेब," ते शेवटी म्हणाले. "रविवारी जालन्याला येणार आहे. घेऊन येतो."

ते आले. चहा झाला. पिवळ्या पडलेल्या कागदावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: दार उघडे दिसले म्हणून सांगितले. खाली लाल शाईत माझा शेरा होता, 'नोंद घेतली', आणि त्याखाली माझी पूर्ण सही व तारीख.