गंजी आणि गोठा

चिंचलीच्या मायाक्काची माघी यात्रा आटोपते, शाळूची काढणी उरकते, परड्यात कडब्याची गंजी उभी राहते, आणि आमच्या चिकोडी भागातील शेतकऱ्याच्या घरात एक अवघड हिशेब सुरू होतो. मृगाच्या सरी पडून बांधावर हिरवे गवत दिसेपर्यंत या गंजीवर किती जनावरे तगतील? जी तगणार नाहीत, त्यांपैकी कोणास निरोप द्यावयाचा? बर्फाळ देशांतील पशुपालक हा प्रश्न हिवाळ्याच्या तोंडाशी सोडवितात. आम्हांस तो उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडवावा लागतो. इंदूर-बडोद्याकडील वाचकांना तो दूरचा वाटेल. परंतु मिळकत मोजकी आणि खाणारी तोंडे अधिक, हा पेच कोणत्या घरास अपरिचित आहे?

आमच्या घरी शेती थोरले बंधू पाहतात. शाळेच्या कामातून सवड काढून हिशेबास बसणे एवढेच आमच्याकडे असते. यंदा दावणीला पाच मोठी जनावरे आणि एक कालवड होती : बैलजोडी, एक दुभती म्हैस, एक भाकड म्हैस, आणि चौदा वर्षांची कपिली गाय. कालवड ही त्या गाईचेच शेवटचे वासरू. मोठ्या जनावरास दिवसाला सहा किलो कडबा धरला, तर १२० दिवसांना सव्वासात क्विंटलांच्या आसपास लागतो. पाचांचे छत्तीस, कालवडीचे निम्म्याने साडेतीन, म्हणजे एकूण जवळजवळ चाळीस क्विंटल. गंजी मात्र तीस क्विंटलांची. कारखाने बंद होईतो उसाचे वाडे मिळते खरे, पण नुसत्या वाड्यावर जनावर पोसत नाही. त्यातील आम्ल अंगातील चुना ओढून घेते, म्हणून वाड्याबरोबर चुन्याची निवळी किंवा क्षारांचे मिश्रण द्यावे लागते.

दहा क्विंटलांची ही तूट सर्वांत वाटून टाकावी, असे प्रथम कोणासही वाटते. गोठ्यात तो न्याय चालत नाही. सहाही जनावरे अर्धपोटी ठेवली, तर वैशाखात सहाही उठेनाशी होतात. दुभते आटते, गाभण गळते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून निर्णय फाल्गुनाच्या आतच व्हावा लागतो. जनावर अंगाने भरलेले असते तोवर त्यास चांगला धनी मिळतो. चैत्र सरला की साऱ्यांच्याच गंजी खचतात, सारेच विकावयास निघतात, आणि बाजारात केवळ हाडांचे मोल उरते.

प्रथम भाकड म्हशीवर बोट आले. आज ती एक थेंबही देत नाही. परंतु पशुवैद्यांनी तपासून ती पाच महिन्यांची गाभण असल्याचे सांगितले. म्हैस दहा महिने पोट वाहते. म्हणजे आषाढाच्या सुमारास, ऐन हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत, ती विणार. आजच्या चरवीकडे पाहून तिला काढणे म्हणजे पेरलेले शेत उगवण्यापूर्वी विकणे. दुभत्या म्हशीवर घराचा रोजचा खर्च चालतो. कालवड दोन दाती झाली आहे. उद्याचा गोठा तिचाच.

उरली कपिली. तिचे दात झिजले आहेत, कुट्टी करून घातल्याशिवाय तिला चारा चावत नाही. आठ वेते झाली, नववे होणार नाही. कागदावर पाहता तिचेच नाव खोडावयास हवे होते, आणि आम्ही तसे बोललोही. वहिनी पदराला हात पुसत एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, हिला नेणारा कशाला नेईल, तेवढं मला सांगा."

या प्रश्नास आज सोपे उत्तर नाही. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्याही कत्तलीस बंदी आली. कर्नाटकात २०२१ साली अमलात आलेल्या कायद्याने गाय, वासरू, बैल या सर्वांची कत्तल बंद केली, तेरा वर्षांवरील म्हशीस तेवढे वगळले. कायद्याने सुरी थांबविली, पण गव्हाणीत कडबा घातला नाही. थकलेल्या गाईस उघड गिऱ्हाईक उरले नाही. उरले ते रात्रीचे दलाल, किंवा मोकळे सोडून दिलेली जनावरे हिंडतात तो हमरस्ता.

तेव्हा बंधूंनी हिशेब उलट्या बाजूने मांडला. कोण निरुपयोगी, हे न विचारता त्यांनी विचारले, कोणास दुसऱ्याच्या गोठ्यात मानाची जागा आहे? उत्तर बैलजोडीचे आले. दात जुळलेली, ऐन उमेदीतली, वडिलांच्या वेळेपासून दारी असलेल्या वाणाची जोडी. आमची नांगरट आता ट्रॅक्टर करतो. जोडी वर्षातून मोजके दिवस जुंपली जाते. खानापूरकडे डोंगरउतारावरील भाताच्या लहान खाचरांत मात्र चिखलणीस अजून बैलच लागतात. तिकडील एका ओळखीच्या शेतकऱ्याने जोडी नेली. साडेचौदा क्विंटल वैरण वाचली. तूट भरून चार क्विंटल शिल्लक राहिली. पाऊस लांबला तर तेवढीच ढाल.

बैल नाहीत असे शेतकऱ्याचे दार म्हणजे आमच्या पिढीस अपशकुन. वहिनींनी हळदकुंकू लावून जोडीची पाठवणी केली, आणि दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. यंदाच्या बेंदराला मातीच्या बैलांचीच पूजा होईल.

ज्याच्या घरी गंजीच वीस क्विंटलांची असेल, त्यास आमचा निर्णय परवडणार नाही, आणि म्हातारी गाय विकणाऱ्या शेजाऱ्यास आम्ही नावे ठेवणार नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे सारेच जाणतात. आटलेल्या गाईस चारा घालण्यास मात्र मायेबरोबर कडबाही लागतो. आम्हांस एवढेच उमगले, की घरातून कोणास पाठवावे हे ठरविताना त्याचा आपल्यास उपयोग किती, हा दुसरा प्रश्न असावा. पहिला, तो जाईल तेथे त्याचे काय होईल, हा.