कॉलरमागचं लेबल

सोमवारी घाईत शर्टाला इस्त्री करताना कॉलरमागचं लेबल वाचलं: मेड इन बांगलादेश. सेलमध्ये घेतलेला शर्ट, तेव्हा फक्त किंमत बघितली होती!

या शर्टाची गोष्ट भन्नाट आहे. १९७९ मध्ये, देश जेमतेम आठ वर्षांचा असताना, 'देश गारमेंट्स'ने १३० जणांना दक्षिण कोरियात, देवू कंपनीच्या बुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. परतल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी कंपनी सोडली. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. आमच्या एचआरने कपाळावर हात मारला असता. बांगलादेशात मात्र त्यातूनच अख्खा धंदा फोफावला.

पण कोरियाकडे आणखी एक धडा होता. १९७० मध्ये सोलमध्ये जॉन ते-इल या २२ वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार कायदे पाळा म्हणत स्वतःला पेटवून घेतलं होतं. बुसानच्या ट्रेनिंगमध्ये हे कोण शिकवणार? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळली. आदल्या दिवशीच तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं. ११०० हून जास्त माणसं गेली. इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार झाला तो त्यानंतर.

शर्ट घातला, ऑफिसला गेलो. शनिवारी परत सेल आहे. जाणार आहेच, खोटं कशाला बोलू?