जगावेगळा नेपोलियन

मुलांनो, नेपोलियन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? घोड्यावर बसलेला फ्रान्सचा सम्राट, हो ना? पण आज मी ज्या नेपोलियनची ओळख करून देणार आहे, त्याच्याकडे ना घोडा, ना तलवार. त्याच्या घरी आहे एक लामा. लामा म्हणजे उंटाच्या जातकुळीतला, लांब मानेचा प्राणी. तिचं नाव टीना. तिला जेवण वाढतानासुद्धा हा पठ्ठ्या तिच्यावर चिडतो!

हा आहे ‘नेपोलियन डायनामाइट’ या २००४ सालच्या अमेरिकन विनोदी सिनेमाचा नायक. कुरळ्या केसांचं टोपलं, भला मोठा चष्मा, अर्धवट मिटलेले डोळे आणि सदा उघडं तोंड. काय ध्यान आहे, असंच वाटतं! शाळेतल्या डब्यातल्या बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या तो पॅन्टच्या खिशात भरून ठेवतो आणि वर्गात हळूच खातो. थापा तर अशा मारतो की विचारू नका. वहीत ‘लायगर’ची चित्रं काढतो. लायगर ही मात्र थाप नाही बरं का! सिंह आणि वाघीण यांच्या पिल्लाला खरंच लायगर म्हणतात.

सिनेमा घडतो आयडाहो राज्यातल्या प्रेस्टन या छोट्याशा गावात. आजूबाजूला शेतं, लांबच लांब रस्ते. दिग्दर्शक जॅरेड हेस इथल्याच शाळेत शिकला. त्याने आणि त्याची बायको जेरुशा हिने मिळून ही गोष्ट लिहिली आणि २००३ साली याच गावात चित्रित केली. टीनाचं काम करणारी लामासुद्धा दिग्दर्शकाच्या आईच्या घरची! खर्च झाला सुमारे ४ लाख डॉलर. हॉलिवूडच्या मानाने हे म्हणजे चणे-फुटाणे! नेपोलियन झालेल्या जॉन हेडरला सुरुवातीला फक्त १००० डॉलर मिळाले होते. पण सिनेमाने कमावले ४ कोटी डॉलरहून जास्त. २००५ साली तर आयडाहोच्या विधिमंडळाने या सिनेमाचं कौतुक करणारा ठरावच केला. आयडाहो बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे ना, म्हणून त्या बटाट्याच्या गोळ्यांचाही त्यात मानाने उल्लेख होता!

सगळ्यांनाच हा सिनेमा आवडला असं मात्र नाही. कुणी पोट धरधरून हसलं, तर कुणी ‘यात हसण्यासारखं आहे काय?’ म्हणून उठून गेलं. २००६ साली नेटफ्लिक्स कंपनीने एक स्पर्धा ठेवली. कुणाला कुठला सिनेमा आवडेल याचा जास्त अचूक अंदाज बांधणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस! मोठमोठे गणिती कामाला लागले. त्यांना सर्वांत जास्त छळलं ते या नेपोलियनने. कारण माणसं त्याला एकतर पाच तारे देत, नाहीतर एकच. मधलं काही नाहीच!

मग ज्यांना तो आवडतो, त्यांना त्यात एवढं काय दिसतं?

मला वाटतं, नेपोलियन शेवटपर्यंत नेपोलियनच राहतो, हे दिसतं. एरवी अशा गोष्टींत काय होतं? वेंधळ्या मुलाचा चष्मा जातो, केस नीट होतात, तो एकदम हुशार होतो आणि मग सगळे त्याला आपलं म्हणतात. इथे तसं काहीच होत नाही. त्याला मिळतात फक्त दोन मित्र. एक पेद्रो, मेक्सिकोहून आलेला, शाळेत नवा, अगदी कमी बोलणारा. दुसरी डेब, कॉलेजच्या फीसाठी हाताने विणलेल्या किल्लीच्या साखळ्या दारोदार विकणारी, लाजरी मुलगी. तिघंही एकमेकांना ‘तू असा का?’ म्हणून विचारत नाहीत. बस्स, एवढंच!

पुढे पेद्रो शाळेच्या निवडणुकीला उभा राहतो. भाषणानंतर काहीतरी करून दाखवायचं असतं आणि त्याची काहीच तयारी नसते. तेव्हा ज्याला सगळी शाळा हसते, तो नेपोलियन एकटा रंगमंचावर जातो आणि नाचतो. घरी कॅसेट लावून, दार बंद करून शिकलेला नाच! स्वतःसाठी नव्हे, मित्राची अब्रू राखायला. आणि सगळी शाळा उभी राहून टाळ्या वाजवते.

आई-बाबांनो, असं मूल प्रत्येक शाळेत असतं. कदाचित तुमच्या घरीही असेल. ‘याचं कसं होणार?’ ही काळजी मला ठाऊक आहे. पालक-सभेत ती मी दरवर्षी ऐकते. अशा वेळी आपण त्याला बदलायला धावतो. पण बहुतेकदा त्याला बदल नको असतो, सोबत हवी असते.

या सिनेमात एक खेळ आहे. खांबाला दोरीने चेंडू बांधायचा, दोघांनी समोरासमोर उभं राहून तो टोलवायचा. नेपोलियन हा खेळ एकटाच खेळत असतो. चेंडू गोल फिरतो आणि त्याच्याकडेच परत येतो. अगदी शेवटी रुसलेली डेब येते. तो सांगतो, तुझ्यासाठी मी मासा पकडलाय! आणि दोघं खेळू लागतात.

मुलांनो, उद्या मधल्या सुट्टीत मैदानावर जरा नजर टाका. एकटंच कुणी चेंडू टोलवत असेल, तर दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहा. त्याने लायगरचं चित्र दाखवलं, तर नीट बघा हं!