ॲव्हलॉन : गाण्यात जपलेला पत्ता

१/ डिसेंबर १९२८. मिसिसिपी राज्यातील ॲव्हलॉन या खेड्यातले कृष्णवर्णीय शेतमजूर जॉन हर्ट ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला आले होते. महानगरात त्यांना करमेना. घराच्या ओढीने रचलेल्या एका गीतात त्यांनी आपल्या गावाचे नाव गुंफले. ते गीत म्हणजे ‘ॲव्हलॉन ब्लूज’.

२/ हर्ट यांना गिटार कोणी शिकवली नव्हती. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरायचा आणि बोटांनी वरच्या तारांवर चाल वाजवायची, ही त्यांची शैली. आवाज मृदू, समोर बसलेल्याशी बोलावे तसा. शेजारचे गोरे फिडलवादक विली नार्मर यांनी ओके या कंपनीला त्यांचे नाव सुचवले होते.

३/ तबकड्या फारशा खपल्या नाहीत आणि १९२९ साली महामंदी कोसळली. हर्ट शेतात राबत राहिले, गुरे राखत राहिले. गाणे उरले ते शेजारपाजारच्या मेळाव्यांपुरते.

४/ १९५२ साली हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांमधून अमेरिकी लोकसंगीताचे एक संकलन सिद्ध केले. त्यात हर्ट यांची २ गाणी होती. नव्या पिढीला आवाज सापडला; माणूस मात्र सापडेना.

५/ टॉम हॉस्किन्स या तरुण संग्राहकाने ‘ॲव्हलॉन ब्लूज’ ऐकले, त्यातले गाव जुन्या नकाशात शोधले आणि १९६३ साली थेट हर्ट यांचे दार गाठले. त्या वर्षी जवळच्याच ग्रीनवूडमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीचा संघर्ष पेटला होता. अनोळखी गोरा माणूस दारात उभा राहणे ही धास्तीचीच गोष्ट होती. सत्तरीच्या हर्ट यांच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती.

६/ त्याच उन्हाळ्यात ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, नव्या तबकड्या निघाल्या. २ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कीर्तीच्या वाट्याला जेमतेम साडेतीन वर्षे आली.

७/ या घटनेला ‘पुनर्शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. तो शब्द कोणाच्या बाजूने उच्चारला जातो, हे पाहावे. ॲव्हलॉनकरांना हर्ट रोज दिसत होते. ते हरवले होते शहरी श्रोत्यांसाठी. त्यांना शोधण्याचा धागाही अखेर त्यांच्याच गाण्यातून मिळाला. लोकगीत हे इतिहासाचे साधन कसे ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.