घोटा मुरगळला तर लगेच चोळू नका राव

मागच्या मंगळवारी गंजगोलाईकडं जाताना गटारीच्या फुटक्या फरशीवर माझा पाय आत वळला. माणसं जमली. एक जण म्हणाला, “ओढून बसवू का?” एक काका तेलाची बाटली घेऊनच आले. मीबी चोळून घेतलं. रात्री घोटा असा सुजला की चप्पल जाईना.

पाय आत मुरगळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणतं नाहीतर फाटतं, आत रक्त साकळतं. त्यात चोळलं की सूज वाढणारच. पहिले दोन दिवस तेल नको, गरम शेक नको. फडक्यात बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. आंबेहळदीचा लेप आमच्या आईच्या समाधानासाठी!

फोटो कधी काढायचा? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपी खूण सांगितली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाची मागची कड, खालून चार बोटं वर, दाबून बघा. तिथं हाड दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढाच. पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड दुखलं तरी काढा. शुगरवाल्यांनी मात्र यावर विसंबू नये, त्यांना दुखणं कधीकधी कळतच नाही.

माझी चार पावलं पडली. आता दात घासताना एका पायावर उभा राहतो, नाहीतर तोल कच्चा राहून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. घरचे हसतात.

फरशी अजून तशीच आहे. कुणीतरी त्यात बाभळीची फांदी खोचलीय.